डाग, चट्टा आणि न बोलणारी त्वचा : आरोग्य-तपासणीच्या परिभाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगसाठी सत्र पद्धतीचा जो सुधारित अभ्यासक्रम तयार केला, त्यात ‘आरोग्य-मूल्यांकन’ हा घटक परिचर्येच्या पायाभूत विषयाला जोडून आला. या घटकात त्वचेचे परीक्षण ही प्रारंभीची पायरी असते. त्वचेचा रंग, उष्णता, ओलसरपणा, पोत आणि ताण पाहावा. विकृती आढळल्यास तिचा आकार, कडा, संख्या आणि शरीरावरील वाटणी नोंदवावी, अशी तिची सर्वसाधारण मांडणी असते. वरवर पाहता हा निव्वळ वैद्यकीय कौशल्याचा भाग वाटतो. वास्तविक पाहता त्यात दृष्टीइतकाच भाषेचाही वाटा आहे. जे दिसले त्याला नाव द्यावे लागते, जे दिसले नाही त्याविषयी विचारावे लागते आणि दोन्हींची नोंद कुणीतरी आखून दिलेल्या रकान्यात करावी लागते. या तिन्ही ठिकाणी शब्द चुकला तर पुढचे सारे चुकते.

प्रस्तुत लेखात तीन प्रकारच्या लेखनाची चिकित्सा अभिप्रेत आहे : शारीरिक तपासणीची इंग्रजी पाठ्यपुस्तके, डेव्हिड वर्नर यांचे ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ हे जगभर वापरले गेलेले आरोग्यपुस्तक आणि आशा कार्यकर्तीच्या हातातील तपासणी-सूची. या लेखनाची परीक्षा ग्रंथालयात बसून न करता एखाद्या गावाच्या संदर्भात करणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी रत्नागिरी शहरालगतचे, काजळी नदीच्या खाडीपलीकडील भाट्ये हे गाव येथे समोर ठेवले आहे. समुद्रकिनारा, माडांच्या बागा, १९५५ पासूनचे नारळ संशोधन केंद्र, जवळपासची मासेमारी, भाताची लावणी, आंबा आणि काजू यांमुळे येथील माणसाच्या कातडीवर ऋतू आणि व्यवसाय यांच्या खुणा उमटलेल्या असतात. पुस्तकातील त्वचा आणि या गावातील त्वचा यांच्यातील अंतर मोजणे हा या विवेचनाचा एक भाग आहे. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग मराठी भाषेच्या एका उणिवेसंबंधी आहे.

पाठ्यपुस्तकातील कातडी

बार्बरा बेट्स यांचे शारीरिक तपासणीवरील पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची आणि त्याच धर्तीच्या इतर पुस्तकांची घडण पक्की आहे. प्राथमिक विकृती कोणत्या, दुय्यम कोणत्या, सपाट काय, उंचवटा काय, पाण्याने भरलेले काय, पुवाने भरलेले काय, याचे वर्गीकरण त्यांनी विद्यार्थ्यांच्या मनात कायमचे बसविले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु ही सारी परंपरा गोऱ्या कातडीवर वाढली. तिच्या वर्णनांतील ‘लाल’, ‘गुलाबी’, ‘फिकट’ ही विशेषणे वैद्यकीय असण्याआधी वांशिक आहेत.

दाह झाल्यावर गोरी त्वचा लाल होते. सावळ्या त्वचेवर तीच प्रक्रिया जांभळट, गडद तपकिरी किंवा राखाडी छटेने व्यक्त होते, आणि पुष्कळदा नजरेने कळतही नाही. तेथे तळहातापेक्षा हाताची मागची बाजू टेकवून उष्णता अजमावणे, बोट फिरवून फुगीरपणा पाहणे, अलीकडची-पलीकडची त्वचा ताडून बघणे हे मार्ग उरतात. पांडुरोग पाहायचा तर पापणीच्या आत, जिभेवर आणि तळहाताच्या रेषांत पाहावे लागते. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात शोधावी लागते. खरूज उमटलेली त्वचाही भाट्यासारख्या गावात चित्रातल्याप्रमाणे तांबडी दिसत नाही. बोटांच्या बेचक्यांतील आणि मनगटावरील बारीक पुटकुळ्या, खाजवल्याचे ओरखडे, रात्री वाढणारी कंड आणि घरातील इतरांनाही असलेली तीच तक्रार, यांवरून ती ओळखावी लागते. विद्यार्थिनीने मात्र परीक्षेसाठी ‘लाल पुरळ’ हेच पाठ केलेले असते.

पाश्चात्त्य वैद्यकाला या उणिवेची जाणीव झाली नाही असे म्हणता येणार नाही. ती फार उशिरा झाली एवढेच. टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार ठरविले, ते अतिनील किरणांच्या उपचारांची मात्रा निश्चित करण्यासाठी. प्रारंभीच्या त्या वर्गीकरणाचा भर गोऱ्या त्वचेच्या छटांवर होता. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार पुढे जोडले गेले. २०२० मध्ये लंडनमधील सेंट जॉर्जेस या वैद्यकीय संस्थेतील विद्यार्थी मॅलोन मुक्वेंडे याने दोन सहकाऱ्यांसह ‘माइंड द गॅप’ ही काळ्या व तपकिरी त्वचेवरील लक्षणांची हस्तपुस्तिका तयार केली. हे काम एका विद्यार्थ्याला करावे लागले, ही बाब पाठ्यपुस्तकांच्या लेखकांनी मनावर घेण्यासारखी आहे.

प्राधान्यक्रमाचा प्रश्नही याला जोडूनच येतो. तिळाची असमानता, कडा, रंग आणि व्यास यांवरून मेलानोमा ओळखण्याचे सूत्र न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडले. ‘बदल’ हा पाचवा निकष त्याला २००४ मध्ये जोडण्यात आला. गोऱ्या लोकसंख्येच्या दृष्टीने ते सूत्र जीवरक्षक आहे. भारतात हा कर्करोग विरळ आढळतो आणि गडद त्वचेच्या माणसांत तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उद्भवतो. म्हणजे सूत्र पाठ असलेली विद्यार्थिनी पाठीवरचे तीळ मोजत बसते आणि पायाचा तळवा उलटा करून पाहत नाही. भाट्ये येथे तो तळवा पाहण्यास इतरही कारणे आहेत. जळवाताच्या भेगा, लावणीच्या चिखलाने बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, कुरूप आणि न दुखणारी जखम ही सर्व तेथेच सापडतात.

संपर्कजन्य त्वचादाहाचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. अमेरिकी पुस्तकांतून ‘पॉयझन आयव्ही’ ही वेल हमखास भेटते. तिची पाने, तिचा चीक, तिच्या स्पर्शाने उठणारे रेषेसारखे फोड यांची सचित्र माहिती विद्यार्थ्याला पाठ होते. ती वेल कोकणात नाही. परंतु ज्या वनस्पतिकुलातील ती आहे त्याच कुलातील आंबा, काजू आणि बिब्बा ही झाडे कोकणी माणसाच्या रोजच्या वावरात आहेत. काजूच्या बियांच्या टरफलातील तेलाने बिया फोडणाऱ्या स्त्रियांची बोटे भाजल्यासारखी होतात, कातडी काळी पडून सोलते. कैरीच्या देठाचा चीक ओठांच्या कडेला आणि गालावर फोड उठवतो. बिब्बा ‘उतला’ की काय होते हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘उतणे’ या एका क्रियापदात त्या दाहाचे पसरणे, पाझरणे आणि भडकणे सामावले आहे. एवढे नेमके क्रियापद भाषेत तयार असताना शिकवण्यासाठी परदेशी वेल लागावी, हा अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या नजरेचा दोष म्हटला पाहिजे.

आणखी एक किरकोळ वाटणारी बाब. कोकणातील घरात अंगाला खोबरेल तेल लावण्याची रीत सार्वत्रिक आहे. तेल लावलेल्या त्वचेवरचा कोंडा दिसेनासा होतो. गजकर्णाच्या कडेची पापुद्रेदार रेघ किंवा सोरायसिसचे चंदेरी खवले तेलाखाली दबतात. तपासणीपूर्वी ती जागा कोरडी पुसावी आणि माजघराऐवजी पडवीच्या उजेडात माणसाला बसवावे, ही सूचना परदेशी पुस्तकात नसणे स्वाभाविकच आहे. आषाढ-श्रावणात तर भर दुपारीही हा उजेड पुरत नाही.

नावांची श्रीमंती

मराठीतील त्वचाविषयक शब्दसंपत्ती विलक्षण आहे. खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, शिबे, कोड, वांग, लासे, मस, चामखीळ, करट, केसतूड, काळपुळी, नागीण, धावरे, चाई, घामोळे, गांध, कुरूप, भोवरी, चिखल्या, जळवात अशी यादी सहज लांबते. केवळ कोशातील शब्द म्हणून नव्हे, तर निरीक्षणाची पद्धती म्हणून या नावांकडे पाहिल्यास त्यांत एक तर्क दिसतो. गजकर्ण हे नाव आकारावरून आले. हत्तीच्या कानासारखी पसरणारी कड त्याने टिपली. नागीण आणि धावरे ही नावे गतीवरून आली. एक वेढा घालीत जाते, दुसरे त्वचेवरून धावते. चिखल्या आणि घामोळे कारण सांगतात. खरूज या शब्दाच्या मुळाशी असलेला संस्कृत ‘खर्जू’ म्हणजे खाज. अंगावर उठणाऱ्या गांधींना ‘पित्त उठले’ असे म्हणताना जुन्या वैद्यकातील एक पूर्ण उपपत्तीच बोलीत उतरलेली असते. आधुनिक त्वचाविज्ञानाला अपेक्षित असलेली आकार, विस्तार, कारण आणि संवेदना ही चारही अंगे बोलीने आपल्या परीने हाताळली आहेत.

अर्थात ही नावे जशीच्या तशी निदान म्हणून स्वीकारता येत नाहीत. ‘नायटा’ या शब्दाखाली बुरशीचा संसर्गही येतो आणि इसबही. ‘नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो’ ही समजूत नावातून निर्माण झाली आहे. हा विषाणू शरीराच्या बहुधा एकाच बाजूच्या एका मज्जातंतूच्या पट्ट्यात फोड आणतो, त्यामुळे निरोगी माणसात ते वेटोळे पुरे होण्याची वेळ सहसा येतच नाही. नाव ऐकून निदान लिहू नये. परंतु नाव ऐकल्याशिवायही लिहू नये. पाहणाऱ्याने ‘तुम्ही याला काय म्हणता?’ असे विचारले तर रुग्णाने काय पाहिले, कशाची भीती घेतली आणि कोणता उपाय करून झाला, हे तिन्ही एका शब्दात कळू शकते.

शास्त्रीय मराठीने मात्र या बोलीशी फारसा संवाद ठेवला नाही. ‘व्रण’ या शब्दाचेच पाहावे. आयुर्वेदाच्या परंपरेत आणि परिभाषेत व्रण म्हणजे उघडी जखम, क्षत. बोलीत व्रण म्हणजे जखम भरून आल्यावर मागे राहिलेली खूण. तळपायाला वारंवार व्रण होतात का, असा प्रश्न एखाद्या सूचीत आला तर भाट्ये येथील वृद्ध ‘व्रण आहे, पण जुना’ असे उत्तर देईल आणि वाहती जखम चपलेत झाकून ठेवील. ‘डाग’ हा शब्द तर याहून जोखमीचा आहे. कपड्याचा डाग, दागिना या अर्थाचा डाग, प्रवासातील सामानाचा डाग, तापल्या लोखंडाने दिलेला डाग आणि चारित्र्यावरचा डाग हे सर्व एकाच उच्चाराचे धनी आहेत. लग्नाच्या वयाच्या मुलीला आईसमक्ष ‘अंगावर डाग आहे का?’ असे विचारणे म्हणजे नकार मागून घेणे होय. त्यामानाने ‘चट्टा’ बराच निरुपद्रवी ठरतो.

न बोलणाऱ्या चट्ट्यासाठी शब्द कोठे आहे?

वरील यादी पुन्हा पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक नावे स्वतःची वर्दी देणाऱ्या विकृतींची आहेत. त्या खाजतात, दुखतात, पिकतात, पसरतात, वाहतात किंवा निदान नजरेला खुपतात. भाषेने त्यांची दखल घेतली, कारण त्यांनी माणसाला दखल घ्यायला लावले. जी विकृती काहीच मागत नाही, जिच्या जागी जाणीवच नाहीशी होते, तिच्यासाठी आजच्या चालत्या मराठीत सुटसुटीत नाव नाही. ‘सुनबहिरी’ हा त्या अर्थाचा जुना शब्द होता; तो आता ऐकू येत नाही. ‘बधिर’ हा शब्द दंतवैद्याच्या इंजेक्शनापुरता राहिला. ‘मुंग्या येणे’ ही संवेदना आहे, संवेदनेचा अभाव नव्हे.

कुष्ठरोगाचा प्रारंभीचा चट्टा नेमका असा असतो. तो सभोवतालच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा किंचित तांबूस असतो, बहुधा खाजत नाही, दुखत नाही, कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही. जाणीव निश्चितपणे गेलेला चट्टा, जाड झालेला मज्जातंतू आणि त्याबरोबरचा बधिरपणा वा दुबळेपणा, तसेच त्वचेच्या नमुन्यात सापडणारे जंतू ही या रोगाची प्रमुख लक्षणे मानली जातात. पाचपर्यंत चट्टे असल्यास अल्पजंतुक आणि त्याहून अधिक असल्यास बहुजंतुक अशी उपचारासाठी विभागणी रूढ झाली. बहुविध औषधोपचार भारतात १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून आहे आणि तो विनामूल्य मिळतो. रोग बरा होतो. मात्र उशीर झाल्यास मेलेला मज्जातंतू परत येत नाही. बोटे वाकतात, पापणी मिटत नाही, पायाला खिळा लागला तरी कळत नाही. निदानातील दिरंगाईची ही किंमत आहे, आणि त्या दिरंगाईमागे पुष्कळदा एक साधे वाक्य असते : काही होत नव्हते म्हणून दाखवले नाही.

रत्नागिरीला हा विषय नवा नाही. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून येथे १८७५ मध्ये कुष्ठरुग्णालय उभे राहिले. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात हेन्री व्हँडाइक कार्टर हे या रोगाचा अभ्यास करीत होते. ‘ग्रेज ॲनॉटमी’ या १८५८ च्या प्रख्यात ग्रंथातील आकृत्या काढणारे ते हेच कार्टर. १८७३ मध्ये हान्सेन यांना नॉर्वेत कुष्ठजंतू दिसला आणि त्याच वर्षी कार्टर नॉर्वेला जाऊन त्यांना भेटले. ज्या हाताने शरीराचे अवयव एवढ्या स्वच्छपणे रेखाटले, तोच हात पुढे या इलाख्यातील चट्ट्यांच्या वर्णनाकडे वळला, हा योग वैद्यकाच्या इतिहासकारांनी नोंदविला असला तरी मराठी वाचकांपर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही.

शब्दाचा इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. चरकसंहितेत ‘कुष्ठ’ हे एका रोगाचे नाव नसून एका वर्गाचे नाव आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार तेथे येतात. दद्रू, पामा, विचर्चिका यांसारखे आज नायटा, खरूज, इसब यांच्या जवळपास नेता येतील असे विकारही त्यांत आहेत. मराठी बोलीत हान्सेनच्या रोगासाठी ‘महारोग’ आणि ‘रक्तपिती’ हे शब्द होते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या नावात त्यांपैकी पहिला टिकून आहे. पुढे शासकीय मराठीने ‘महारोग’ टाळून ‘कुष्ठरोग’ स्वीकारला. कलंक पुसण्याचा तो हेतू प्रामाणिक होता. परंतु एका व्यापक वर्गाचे नाव एका रोगाला चिकटताच त्या वर्गातील निरपराध शेजारीही संशयित ठरले. कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याची चाल हे त्याचे ठळक उदाहरण. कोडात त्वचेतील रंगद्रव्य नाहीसे होते, जाणीव शाबूत राहते. तो संसर्गजन्य नाही. उलट कुष्ठरोगाचा चट्टा पांढराशुभ्र कधीच नसतो. भाषेने मात्र दोघांना एका घरात बसवले, आणि परिणामी पांढऱ्या डागाची माणसे भीतीने दूर ठेवली गेली, तर फिकट चट्ट्याची माणसे ‘पांढरा नाही ना, मग चिंता नको’ म्हणून निर्धास्त राहिली.

भीतीला कायद्याचाही आधार होता हे विसरता कामा नये. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख व्यक्तिगत कायद्यांतून काढण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. अशा स्थितीत दारात आलेल्या कार्यकर्तीच्या प्रश्नाला सुनेने ‘नाही’ असे उत्तर दिले तर तिला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल.

वर्नर यांची तक्ता-पद्धती

डेव्हिड वर्नर यांचे पुस्तक मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील कामातून प्रथम स्पॅनिशमध्ये १९७३ मध्ये निघाले. इंग्रजी आवृत्ती १९७७ ची. त्यातील त्वचाविकारांचे प्रकरण आजही वाचण्यासारखे आहे. त्याचे कारण त्याची रचना. रोगाच्या नावापासून सुरुवात न करता वर्नर दिसणाऱ्या खुणेपासून सुरुवात करतात. त्वचेवर अमुक असेल, ते असे दिसत असेल, तर ते तमुक असू शकेल, अशा क्रमाने तक्ता पुढे सरकतो आणि ‘असू शकेल’ हा संशयसूचक शब्द कोठेही निसटू देत नाही. चित्रे बहुतेक काळ्या रेघांची. गरिबीतून आलेली ही मर्यादा येथे गुण ठरली आहे, कारण रेघेला कातडीचा रंग नसतो. गजकर्णाचे कडे रेघेने दाखविले की ते गोऱ्या आणि सावळ्या दोघांनाही लागू पडते. गरम व दुखऱ्या भागाला शेक, खाजऱ्या व पाझरणाऱ्या भागाला गार पट्टी, असा त्यांचा साधा नियमही लक्षात राहण्याजोगा आहे.

दोष शोधायचाच तर तो असा की हा तक्ताही डोळ्याने वाचायचा आहे. कुष्ठरोगाचे वर्णन आणि बधिरतेची सूचना पुस्तकात स्पष्टपणे आहे. परंतु खुणेपासून निघालेला वाचक तेथे पोहोचण्यासाठी आधी त्याला खूण ‘खूण’ वाटली पाहिजे. तरीही पाठ्यपुस्तकांच्या तुलनेत वर्नर यांची श्रेष्ठता निर्विवाद आहे, आणि परिचर्या महाविद्यालयांनी त्यांचा तक्ता कोकणातील विकारांसाठी नव्याने मराठीत रचला तर ते मोठे काम होईल.

होय-नाहीचा रकाना

आशा कार्यकर्तीने तीस वर्षांवरील व्यक्तींची भरावयाची जी सूची ‘सीबॅक’ या संक्षेपाने ओळखली जाते, तिच्या सुधारित रूपात त्वचा आणि मज्जातंतूंविषयी प्रश्न समाविष्ट झाले. जाणीव गेलेला फिकट वा वेगळ्या रंगाचा चट्टा, जाड झालेली त्वचा, त्वचेवरील गाठी, तळहात-तळपायावर वारंवार होणाऱ्या जखमा, मुंग्या, पापणी न मिटणे, वस्तू धरताना अडचण, पायातील अशक्तपणा असा त्यांचा विस्तार आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या बरोबरीने कुष्ठरोगाच्या खुणा विचारल्या जाव्यात हे स्वागतार्हच होय. पण या प्रश्नांतील पहिलाच प्रश्न पाहावा. जाणीव गेलेला चट्टा आहे काय, याचे उत्तर ज्याला देता येईल त्याने ती जाणीव गेल्याचे आधीच ताडून पाहिलेले असले पाहिजे. ज्याला ते ठाऊक नाही तो ‘नाही’ म्हणेल, आणि त्याचे ‘नाही’ व खऱ्या निरोगी माणसाचे ‘नाही’ एकाच रकान्यात जाऊन बसेल. प्रश्नाने अज्ञान उघड व्हायला हवे होते. येथे ते नोंदीत रूपांतरित होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा तपासावयाच्या तीस अवस्थांच्या मूळ यादीत त्वचेच्या नावाने खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब आले. तिन्ही खाजणारे विकार. यादी करणाऱ्यांचा कल येथेही बोलक्या त्वचेकडे होता.

देवी-निर्मूलनाच्या काळातील अनुभव या संदर्भात आठवण्याजोगा आहे. १९७० च्या दशकात कार्यकर्ते हाती देवीच्या रुग्णाचे चित्र असलेले कार्ड घेऊन घरोघर, शाळांत आणि बाजारांत फिरत आणि ‘असे कुणाला झाले आहे काय?’ एवढेच विचारीत. भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला. ते कार्ड यशस्वी झाले, कारण देवी लपणारा रोग नव्हता. लहान मूलही चित्र पाहून सांगू शके. तीच पद्धत बधिर चट्ट्याला लावता येत नाही. बधिरतेचे चित्र काढता येत नाही. २०१६ पासूनच्या कुष्ठरोग शोध मोहिमांत घरोघर प्रत्यक्ष शरीरतपासणीची योजना आली आणि पथकात स्त्री व पुरुष दोघेही ठेवले गेले, ही सुधारणा म्हणूनच तत्त्वतः मोलाची आहे. पाठ, कंबर, मांड्या येथील चट्टे प्रश्नाने सापडत नाहीत.

पुसलेला पाठ

अलीकडच्या काळात या वाचनात एक नवे विघ्न आले आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीविना घेऊन वापरण्याची सवय देशभर पसरली. खाज दोन दिवसांत थांबते, कड पुसट होते, मात्र बुरशी आत वाढत राहते. गजकर्णाचे ओळखीचे कडे मोडून एक विस्कटलेला, निदानाला चकवणारा चट्टा उरतो. हस्तलिखितात नकलकाराने अक्षरे खरवडून नवी घातली म्हणजे मूळ पाठ शोधणाऱ्याची जी दशा होते, तीच येथे तपासणाऱ्या परिचारिकेची होते. २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीची सक्ती लागू झाली. सवय मात्र नियमाने एकाएकी जात नाही. म्हणून त्वचा पाहताना ‘काय लावता?’ हा प्रश्न ‘काय होते?’ या प्रश्नाइतकाच आवश्यक ठरतो, आणि उत्तर तोंडी न घेता ट्यूब हातात मागून घ्यावी लागते. नावे कुणाच्या लक्षात राहत नाहीत; रंग आणि खोका राहतो.

व्यवसायाचा प्रश्नही याच मालिकेतील आहे. नारळ काढण्यासाठी माडावर चढणाऱ्याच्या पायावरील घट्टा, जाळे ओढणाऱ्याच्या तळहातावरील जाड कातडी, मासळी साफ करणाऱ्या स्त्रीची खाऱ्या पाण्याने फुटलेली बोटे ही कामाची लिपी आहे. ‘जाड झालेली त्वचा’ असा प्रश्न केवळ कागदावरून विचारला तर गावातील निम्मी माणसे होकार देतील. घट्टा कामाच्या हातावर, कामाच्या जागी असतो. कानाच्या पाळीची जाडी मात्र कोणत्याही धंद्याने वाढत नाही, आणि बहुजंतुक कुष्ठरोगात ती वाढू शकते. एवढा भेद शिकवण्यास अर्धा तास पुरतो.

बधिरतेसाठी नाव नसले तरी तिच्याभोवती फिरून प्रश्न विचारता येतात आणि ते साध्या मराठीत विचारता येतात. चुलीवरचे भांडे उतरवताना चटका कळला नाही असे कधी झाले का? चप्पल पायातून निसटलेली उशिरा लक्षात येते का? सदऱ्याचे बटण लावताना बोटे चुकतात का? त्यानंतर डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर आणि शेजारच्या निरोगी त्वचेवर आळीपाळीने कापूस टेकवावा आणि टेकवला ती जागा बोटाने दाखवायला सांगावी. यात उत्तर माणसाच्या शब्दाकडून त्याच्या बोटाकडे जाते, आणि लपवण्याचा वा न कळण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो.

कोकणच्या हवेने आणखी एक साधन दिले आहे, ज्याचा उल्लेख सूचीत आढळत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात मज्जातंतूंबरोबर घामाचे कार्यही मंदावते. वैशाखात भाट्ये येथील दमट हवेत सावलीत बसलेल्या माणसाचेही अंग ओले होते. अशा वेळी दंडावरील किंवा पाठीवरील एखादा फिकट भाग कोरडा राहत असेल तर तो घरातील माणसांच्या नजरेत आलेला असण्याचा संभव असतो. त्याला रोग समजून नव्हे, तर एक विचित्र गोष्ट म्हणून. त्यासाठी ‘बधिर’ शब्द लागत नाही, ‘डाग’ शब्दही लागत नाही. ‘घाम येतो तेव्हा हा भाग भिजतो का?’ एवढे विचारले तरी चालते, आणि या प्रश्नाला सून, सासू आणि शाळकरी मूल तिघेही न लाजता उत्तर देऊ शकतात.